फरारी आणि रुजू

बँकॉकच्या गर्दीत चुकून कोणाचा धक्का लागला, तर तो मनुष्य किंचित मान लववून ‘खो थोत’ असे म्हणतो आणि आपल्या वाटेस लागतो. रोजच्या वापराने गुळगुळीत झालेल्या शब्दांकडे बोलणाऱ्याचे लक्ष नसते हे खरे. परंतु संस्कृत-पालीशी थोडाबहुत परिचय असलेल्या मराठी माणसाचे पाऊल तेथे क्षणभर अडखळावे, असे काही त्या दोन शब्दांत आहे. ‘खो’ म्हणजे मागणे, आणि ‘थोत’ म्हणजे आपलाच ‘दोष’. मात्र त्या भाषेत जाऊन स्थिरावताना या शब्दाने अपराधाबरोबर अपराधाबद्दलचे शासन हाही अर्थ उचलला, इतका की तुरुंगातल्या कैद्याला तेथे ‘नाक थोत’ म्हणतात. शब्दशः पाहिले तर क्षमायाचना करणारा थाई माणूस आपली शिक्षा मागत असतो. आणि जो क्षमा करतो तो काय देतो? तो ‘अफय’ देतो, म्हणजे अभय. एकाने दंड मागावा आणि दुसऱ्याने भयमुक्ती द्यावी, असा हा व्यवहार. आणि अपराध्याच्या उद्धाराचा सगळा प्रश्न या दोन शब्दांच्या मधल्या जागेत उभा आहे.

तो प्रश्न माझ्या मनात घोळू लागला एका थाई चित्रपटामुळे. पेन-एक रत्तनारुआंग या दिग्दर्शकाचा २०११ सालचा ‘फोन तोक खुन फा’ हा चित्रपट विन ल्योवारिन यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेला असून परदेशांत तो ‘हेडशॉट’ या नावाने दाखवला गेला. मूळ नावाचा अर्थ मात्र ‘पाऊस आभाळाकडे पडतो’ असा आहे. तुल नावाचा एक सचोटीचा पोलीस अंमलदार वजनदार लोकांच्या आमिषाला आणि दडपणाला बधत नाही, तेव्हा त्याच्याच अंगावर खुनाचे कुभांड रचले जाते आणि तो तुरुंगात जातो. सुटून आल्यावर, कायद्याचा हात जेथवर पोचत नाही अशा बड्या असामींना परस्पर यमसदनी धाडणाऱ्या एका गुप्त मंडळीत तो मारेकरी म्हणून सामील होतो. आणि अशाच एका कामगिरीवर, मुंडन करून व भिक्षूचे चीवर पांघरून गेला असता, त्याच्या मस्तकात गोळी बसते. तीन महिन्यांच्या बेशुद्धीनंतर तो डोळे उघडतो तेव्हा सगळे जग त्याला उलटे दिसू लागलेले असते: माणसे छताला लोंबकळत चालणारी, पाऊस जमिनीकडून वर जाणारा. आता त्याला शस्त्र खाली ठेवावयाचे आहे. परंतु ज्यांच्यासाठी ते उचलले त्यांना तो नकोसा झालेला असतो, ज्यांच्यावर ते उगारले त्यांना तो हवा असतो, आणि त्याचे पळणे काही संपत नाही.

दृष्टी उलटण्याची ही कल्पना ज्याला निव्वळ चमत्कृती वाटेल त्याने पाली वाङ्मयातील ‘विपल्लास’ ही संज्ञा आठवावी. अनित्याला नित्य, दुःखाला सुख, अनात्म्याला आत्मा आणि अशुभाला शुभ मानणे हे ते चार विपर्यास होत. आणि बुद्धाच्या उपदेशाने समाधान पावलेला श्रोता सुत्तांतून वारंवार जी उपमा देतो तीही पालथे पडलेले भांडे कोणी उताणे करून ठेवावे अशीच आहे. डोळे धड होते तेव्हा जो विपरीत पाहत होता, त्याला डोळे उलटल्यावर तरी यथार्थ दिसू लागेल काय, असे हा दिग्दर्शक विचारतो, आणि थाई प्रेक्षकाला त्या प्रश्नातील जुना सूर ओळखू येतो. त्यात आणखी एक योगायोग असा की, तुलची भूमिका करणारा नट नोपाचाय चैयनाम याने २००३ सालच्या ‘अंगुलिमाल’ या थाई चित्रपटात त्या प्राचीन दस्यूचीच भूमिका केली होती. एकाच चेहऱ्याने दोन फरारी जगून दाखवले. यांतला एक मुक्त झाला अशी बौद्ध जगाची श्रद्धा आहे. दुसऱ्याचे काय व्हावे हे आपल्याला ठरवता येत नाही. दोघांत फरक कोणता, हे शोधणे हाच या लेखाचा हेतू आहे.

अंगुलिमालाची कथा मज्झिमनिकायात आहे. धर्मानंद कोसंबींनी पाली वाङ्मयाची दारे मराठी वाचकांसाठी उघडली आणि पुढे डॉ. आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पतितांच्या व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षांमध्ये या दस्यूला स्थान दिले, त्यामुळे ती आपल्याला परकी नाही. कोसल देशाच्या राजपुरोहिताचा हा मुलगा. अट्ठकथा, म्हणजे सुत्तावरची जुनी टीका, सांगते की त्याचे नाव अहिंसक होते, तक्षशिलेस तो विद्येसाठी गेला, आणि सहाध्यायांच्या चहाडीने कलुषित झालेल्या गुरूने त्याच्याकडे गुरुदक्षिणा म्हणून माणसांची सहस्र बोटे मागितली. मूळ सुत्ताला या कारणमीमांसेची गरज भासत नाही. तेथे एक रक्तलांछित माणूस आहे, ओस पडलेली गावे आहेत, आणि गुराख्यांनी वारंवार हटकूनही त्याच रस्त्याने चालू लागलेला एक श्रमण आहे. दस्यू त्याच्यामागे जिवाच्या आकांताने धावतो. धावत्या हत्तीला, घोड्याला, रथाला गाठणारा तो गडी संथ पावलांनी चाललेल्या या माणसाला गाठू शकत नाही. शेवटी तो ओरडून त्याला थांबावयास सांगतो, आणि बुद्ध चालता चालताच उत्तर देतो की मी केव्हाच थांबलो आहे, थांबावयाचे आहे ते तुला.

या प्रसंगातील चमत्काराकडे आपण इतके पाहतो की त्यातील उलटापालट नजरेतून निसटते. पाठलाग करणारा अंगुलिमाल आहे. तरीही ज्याला थांबता येत नाही, ज्याच्या पायांखालची जमीन सरत नाही, असा खरा पळपुटा तोच आहे. राजाच्या शिपायांपासून तो पळत होता हे खरे, परंतु ते शिपाई नसते तरी तो पळतच राहिला असता, कारण प्रत्येक नवा खून हा मागच्या खुनाकडे वळून न पाहण्याचा उपाय होता. जो मागे पाहत नाही त्याला पुढेच जावे लागते. हिंसेला स्वतःची अशी गती असते, आणि त्या गतीलाच मनुष्य आपले सामर्थ्य समजतो. तुलनेही पहिल्या मारलेल्या माणसानंतर दुसरा मारला तो याच न्यायाने.

आता ‘फरारी’ या शब्दाकडे यावे. आपल्या कचेऱ्यांच्या दप्तरांत हा अरबी वंशाचा शब्द शतकानुशतके नांदला. इसम फरारी झाला की त्याच्या नावाचा जाहीरनामा निघे, तो गावात वाचून दाखवला जाई, त्याच्या घराच्या दारावर डकवला जाई, आणि ठरल्या मुदतीत तो हजर न झाला तर त्याची मालमत्ता जप्त होई. विनयपिटकात ‘लिखितक चोर’ असा एक प्रकार सांगितला आहे, तो याचाच पूर्वज: ज्याच्या नावाने राजवाड्यात लिहून ठेवले आहे की जेथे दिसेल तेथे ठार करावा, असा चोर. फरारीच्या उलट शब्द त्याच दप्तरात आहे ‘रुजू’. तोही अरबीच, आणि मुळात त्याचा अर्थ परतणे असा आहे. फरारी म्हणजे जो नाही, जेथे असावयास हवा तेथे जो नाही. आणि रुजू म्हणजे जो परत आला, ज्याने ‘मी येथे आहे’ असे आपल्या तोंडाने सांगितले. भिक्षुसंघाच्या गुणवर्णनात ‘उजुपटिपन्न’, म्हणजे ऋजू मार्गाने जाणारा, असा शब्द येतो. अरबी रुजू आणि संस्कृत ऋजु यांचे नाते केवळ ध्वनीचे आहे, हे जाणूनही मला तो शेजार अर्थपूर्ण वाटतो. कारण पळणारा माणूस वाकड्या वाटांनी जातो आणि परतणाऱ्याला सरळच यावे लागते.

परंतु येथेच एक मोठी अडचण आहे. परतून यावयाचे कोठे? विहारात आलेला मनुष्य परतला असे समजावयाचे, की तो अधिक चांगल्या जागी लपला असे? थायलंडात नद्यांच्या आणि कालव्यांच्या काठी असलेल्या अनेक विहारांच्या पाण्याला ‘अफय थान’ म्हणजे अभयदानाचे क्षेत्र म्हणतात. तेथे मासेमारीला मज्जाव असतो. पाळीव जनावरांसारखे निर्धास्त झालेले मोठमोठे मासे घाटाच्या पायऱ्यांपाशी दाटी करतात आणि भाविक त्यांना पाव चारतात. माशाने असा आश्रय घ्यावा हे रम्यच आहे. पण माणूस माशासारखा पायऱ्यांपाशी येऊन निर्धास्त होऊ लागला, तर ज्यांची माणसे त्याने मारली त्यांनी त्या पायरीकडे कोणत्या नजरेने पाहावे?

हा प्रश्न बुद्धाच्या हयातीतच उपस्थित झाला होता, हे विनयपिटकाच्या महावग्गावरून दिसते. अंगुलिमालाला चीवरात पाहून लोक दचकत, वाट सोडून पळत, दारे लावून घेत, आणि नावाजलेल्या दस्यूला हे श्रमण प्रव्रज्या देतातच कशी असा बोभाटा करीत. तेव्हा ज्याच्या नावाचा झेंडा झाला आहे अशा चोराला संघात घेऊ नये असा नियम झाला. पुढची हकीकत याहून बोधक आहे. मगधाच्या बिंबिसार राजाने शाक्यपुत्रीय श्रमणांकडे प्रव्रजित झालेल्यांना कोणी काही करू नये असा हुकूम काढला होता. त्याचा फायदा घेऊन तुरुंग फोडून पळालेला एक चोर भिक्षू झाला, आणि या श्रमणांना अभय मिळाले आहे, यांना कोणी हात लावू शकत नाही, असे लोक कडवटपणे बोलू लागले. राजाने दिलेल्या अभयाचा लाभ संघाला घेता आला असता. बुद्धाने दार लावून घेतले: तुरुंग फोडणारा नको, लिखितक चोर नको, कर्जदार नको, राजाचा नोकर नको, दास नको. आजही थाई विहारात उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला पालीतून जे प्रश्न विचारतात त्यांत तू ऋणमुक्त आहेस ना, राजसेवेत नाहीस ना, हे प्रश्न असतात. दुसऱ्याच्या हिशेबातून पळून आलेल्याला चीवर आश्रय देत नाही, असा या प्रश्नांचा आशय आहे.

मग अंगुलिमालाचे काय? तो नियमाच्या आधी आला म्हणून सुटला, हे उत्तर कायदेपंडितांना पुरेल. मला ते पुरत नाही. पाचशे घोडेस्वार घेऊन निघालेला राजा प्रसेनजित बुद्धाच्या दर्शनाला येतो, तेथे बसलेल्या शांत भिक्षूची ओळख पटते तेव्हा प्रथम भयाने थरारतो, आणि मग त्याला वस्त्र-अन्नाची भिक्षा देऊ करून निघून जातो. राज्यसंस्थेने येथे आपला दावा सोडला. पण सुत्त तेथे संपत नाही, आणि तेच त्याचे थोरपण आहे. अंगुलिमाल श्रावस्तीत भिक्षेला जातो तेव्हा त्याच्या अंगावर ढेकळे येतात, काठ्या येतात, खापऱ्या येतात. डोके फुटलेला, भिक्षापात्र भंगलेला, संघाटी फाटलेली अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध त्याला सोसण्यास सांगतो. ज्या कर्मासाठी कित्येक सहस्र वर्षे नरकात शिजावे लागले असते त्याचे फळ याच देही, याच लोकी भोगून होत आहे, असा त्याचा आशय.

अट्ठकथाकाराला हा प्रसंग जड गेला असावा. कावळे, कुत्री, डुकरे हाकण्यासाठी लोकांनी भिरकावलेली ढेकळे योगायोगाने या भिक्षूच्या अंगावर येऊन पडत, असा खुलासा तो करतो. अर्हताच्या कपाळावर कोणी जाणूनबुजून दगड मारला हे त्याच्या श्रद्धाळू मनाला सोसवले नसेल; शिवाय भिक्षूला मारणाऱ्याच्या पापाचीही त्याला काळजी असणार. मूळ वाक्य मात्र दगड कोणी मारला व कोणावर नेम धरून मारला याबद्दल मौन बाळगते. त्या मौनात मला एका विधवेचा किंवा एका बापाचा हात दिसतो, आणि तो खाली करावा असे मला वाटत नाही. मृतांची नावे सुत्तात नाहीत. ढेकळांच्या रूपाने तेवढीच त्यांची जबानी नोंदली गेली आहे.

आपल्याकडच्या वाल्या कोळ्याची येथे आठवण होणे साहजिक आहे. पापाचे खडे रांजणात टाकणारा वाल्या, त्या पापात आम्ही वाटेकरी नाही असे बायकामुलांनी सांगताच हबकतो, आणि अंगावर वारूळ चढेपर्यंत तपाला बसून वाल्मीकी होऊन उठतो. थांबणे या कथेतही आहे, आणि ते सर्वांगसुंदर आहे. पण रांजण भरण्यासाठी जे मेले त्यांच्या घरचे कोणी त्या वारुळापाशी आल्याचे आपल्या लोककथेने सांगितले नाही. आपल्या भक्तिपरंपरेला अनुतापाचे अश्रू इतके पवित्र वाटले की त्यांत रांजण वाहून गेले. बौद्ध कथेतला रांजण वाहून जात नाही. बुद्धाने मिठाच्या खड्याचा एक दृष्टान्त दिला आहे: तो खडा वाटीभर पाण्यात टाकला तर पाणी पिववत नाही, गंगेत टाकला तर कळतही नाही. खडा दोन्ही ठिकाणी तेवढाच आहे. वाढले आहे ते पाणी. उद्धाराची याहून प्रामाणिक उपमा मला माहीत नाही. कारण ती कर्माचा अवमान करीत नाही आणि मनुष्याला निराशही करीत नाही. चित्त मोठे झालेल्या माणसालाही मीठ चाखावे लागतेच, म्हणूनच अर्हत्पदाला पोचलेल्या बुद्धशिष्य मोग्गल्लानालासुद्धा दस्यूंच्या हातचा मार चुकला नाही असे परंपरा सांगते.

थाई समाजाने हा कठोर हिशेब आपल्या घरगुती भाषेत उतरवला आहे. ज्यांचे आपण या किंवा मागच्या जन्मी वाईट केले त्या अदृश्य धनकोंना तेथे ‘चाव कम नाय वेन’, म्हणजे कर्माचे मालक व वैराचे धनी, असे नाव आहे. पुण्यकृत्य केल्यावर लहानशा भांड्यातून पाण्याची धार सोडून ते पुण्य या धनकोंच्या नावे अर्पण करावयाचे असते. दान देताना उदक सोडण्याची आपली चाल ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्या धारेची ओळख पटेल. मुलगा वर्षावासाचे तीन महिने भिक्षू झाला तर आईबाप त्याच्या पिवळ्या चिवराचा पदर धरून स्वर्गाला जातात असे म्हणतात, आणि घरात मृत्यू झाला तर नातू दहनाच्या दिवसापुरताही मुंडन करून प्रव्रज्या घेतो. चीवर तेथे सुलभ आहे, कोणालाही काही दिवस पांघरता येते, आणि म्हणूनच त्याचा दुरुपयोगही सुलभ आहे. त्या दुरुपयोगाचे एक उदाहरण इतके मोठे आणि इतके दारुण आहे की ते टाळून हा विषय पुरा होणार नाही.

फील्ड मार्शल थनोम कित्तिकाचोर्न हा थायलंडचा लष्करी हुकूमशहा १४ ऑक्टोबर १९७३ च्या लोकउठावानंतर देश सोडून पळाला. त्या उठावात रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या होत्या आणि माणसे मेली होती. तीन वर्षांनी, १९ सप्टेंबर १९७६ रोजी, तो परत आला तो श्रामणेराच्या, म्हणजे भिक्षुपदाच्या उमेदवाराच्या, वेषात. वृद्ध पित्याच्या दर्शनाचे आणि प्रव्रज्येचे कारण सांगून तो थेट वाट बोवोन्निवेत या राजमान्य विहारात गेला आणि भिक्षू झाला. बाह्यतः पाहता अंगुलिमालाच्या कथेची ही जणू प्रतिकृतीच होती. विद्यार्थ्यांनी निषेध केला. थम्मासात विद्यापीठात, म्हणजे ज्याच्या नावाचा अर्थच ‘धर्मशास्त्र’ आहे त्या विद्यापीठात, ते जमले. ६ ऑक्टोबरच्या पहाटे पोलिसांनी आणि उजव्या गटांच्या जमावाने त्या आवारावर हल्ला केला. अधिकृत आकड्याप्रमाणे ४६ माणसे मेली, आणि जवळच्या सनाम लुआंग मैदानातील चिंचेच्या झाडांना प्रेते टांगून त्यांवर प्रहार करण्यात आले. त्याच संध्याकाळी लष्कराने सत्ता हाती घेतली.

या दोन्ही प्रसंगी मनुष्य चिवरात आला, दोन्ही प्रसंगी मृतांचे आप्त बाहेर उभे होते, दोन्ही प्रसंगी रक्त सांडले. अंगुलिमालाच्या वेळी सांडले ते त्याच्या स्वतःच्या कपाळाचे. १९७६ साली सांडले ते ज्यांनी प्रश्न विचारला त्यांचे. चीवर कोणी पांघरले यावरून त्याचा खरेपणा ठरत नाही, राजाने अथवा राज्याने अभय दिले की नाही यावरूनही तो ठरत नाही. त्या चिवराची किंमत कोणाच्या अंगावर वसूल झाली, हे पाहावे लागते. थनोमला राहण्याचा पत्ता होता, भिक्षेला पात्र होते, डोके मुंडलेले होते. पण तो रुजू झाला नव्हता. तो फरारीच राहिला, फक्त फरार होण्याची जागा त्याने आपल्याच राजधानीत निवडली.

त्याच वर्षी कित्तिवुड्ढो नावाच्या एका प्रभावशाली भिक्षूने कम्युनिस्टांना मारणे हे माणूस मारण्यासारखे पाप नाही, भिक्षूच्या पात्रात कालवण घालण्यासाठी मासा मारावा तसे ते आहे, अशा अर्थाचे प्रतिपादन केले होते. अभयदानाच्या घाटावरचा मासा आणि हा मासा यांच्यात केवढे अंतर आहे! आणि येथे तुलच्या गुप्त मंडळीकडे पुन्हा वळावेसे वाटते. काही माणसे इतकी दुष्ट असतात की त्यांना मारणे हा समाजावर उपकार आहे, असा त्या मंडळीचा सिद्धान्त. ज्याच्या हाती तो सिद्धान्त पडतो त्याला मारताना पळत असल्याची जाणीव होत नाही, आपण धर्मकार्यावर निघालो आहोत असेच वाटते. गुरुदक्षिणेसाठी बोटे गोळा करणाऱ्या अहिंसकालाही, अट्ठकथा खरी मानली तर, असेच वाटले असणार. खून करण्यासाठी चीवर पांघरणारा तुल हे केवळ वेषांतर करीत नाही. सत्कृत्याचे वस्त्र घालून हत्या करणाऱ्या या सगळ्या परंपरेचे ते उघडे चित्र आहे. त्याच वेषात त्याला गोळी लागावी आणि जग उलटावे, ही दिग्दर्शकाची योजना मला म्हणूनच समर्पक वाटते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ज्या पोलिसांनी व ज्या न्यायालयाने तुलला खोट्या आरोपावरून तुरुंगात धाडले, त्यांच्यापुढे त्याने रुजू व्हावे असे कोणत्या तोंडाने म्हणावयाचे? थनोमच्या देशात शासनसंस्थेनेही आपले कर्तव्य केले असे नाही: १९७८ साली माफीचा कायदा झाला, खटल्यात अडकवलेले विद्यार्थी सुटले आणि त्याच कलमाखाली मारणारेही सुटले. अशा माफीला थाई भाषेत जो शब्द आहे त्याचे मूळ रूप ‘निर्-दोष-कर्म’ असे आहे. कर्म झाले, पण त्याला दोष नाही, असे सरकारी कागदाने जाहीर केले. सामान्य माणूस रस्त्यात धक्का लागला तर दोष मागून घेतो, आणि राज्य सामुदायिक हत्येतून दोषच वजा करून टाकते, हा विरोध एकाच भाषेच्या पोटात आहे.

पण सुत्त नीट वाचले तर या आक्षेपाचे उत्तर तेथेच सापडते. अंगुलिमाल राजदरबारात रुजू झाला नाही. राजा त्याच्याकडे आला आणि गेला. तो रुजू झाला श्रावस्तीच्या दारांपुढे. भिक्षूने भिक्षेला जावयाचे असते, रोज, पायी, उघड्या रस्त्याने, आणि दारापुढे न बोलता उभे राहावयाचे असते. ज्या गावांनी आपल्या भीतीने दारे लावली त्याच गावांच्या दारापुढे दररोज सकाळी, हाती शस्त्र नसताना, मान खाली घालून, जे मिळेल ते घेण्यासाठी उभे राहणे: याहून कठोर हजेरी कोणत्या फौजदाराने लावली असती? विनयाने फरारीला दार बंद केले ते या हजेरीचे मोल कमी होऊ नये म्हणून. १९६२ च्या थाई संघ-कायद्यानुसार भिक्षूला कारावासाची शिक्षा झाली की चीवर उतरवूनच त्याला आत पाठवतात. आधुनिक राज्याने चीवर आणि शिक्षा यांची फारकत केली. अंगुलिमालाच्या अंगावर ती दोन्ही एकाच वेळी होती.

आणि शेवटी एक प्रसंग, जो कालक्रमाने ढेकळांच्या आधीचा आहे, पण ज्याच्याकडे मला सर्वांत शेवटी यावेसे वाटले. श्रावस्तीत भिक्षेला फिरताना अंगुलिमालाला प्रसूतीत अडलेली एक स्त्री दिसते. तो कळवळून परत येतो आणि बुद्धाला सांगतो. बुद्ध म्हणतो, तिच्याकडे जा आणि सत्यवचन उच्चार की, जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाही प्राण्याचा जीव घेतलेला नाही, आणि या सत्याने तुझे व तुझ्या गर्भाचे कल्याण होवो. शास्त्याने स्वतः दिलेले हे वाक्य होते. सगळा भूतकाळ त्याने पुसला जात होता. खडा नाहीसा होत होता, रांजण रिकामा होत होता. अंगुलिमालाने ते घेतले नाही. ते माझ्याकडून जाणूनबुजून खोटे बोलणे होईल, असे त्याने म्हटले. तेव्हा बुद्धाने वाक्यात दुरुस्ती केली: आर्य-जन्माने जन्मल्यापासून, एवढी मुदत घातली. त्या मुदतीसह तो ते वाक्य बोलला, आणि बाई सुखरूप बाळंत झाली.

ते सत्यवचन परित्त, म्हणजे रक्षणपाठ, म्हणून थायलंडातल्या विहारांच्या स्तोत्रपाठांत आजही आहे, आणि गर्भवतीसाठी ते म्हटले जाते. घरात येऊ घातलेल्या जिवासाठी उच्चारल्या जाणाऱ्या त्या शब्दांत एका मारेकऱ्याने आग्रहाने राखून ठेवलेली मुदत तशीच शाबूत आहे: अमुक दिवसापासून पुढे, त्याच्या मागे नाही. त्याच्या मागे काय होते ते ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.